दोन दारांची गाडी

परवा पेट्रोलचा वास आला आणि साठ वर्षांपूर्वीचा राग पुन्हा अंगात चढला.

माझे यजमान दिग्रसला वकील होते. त्यांनी नागपूरहून एक जुनी, बुटकी, दोन दारांची गाडी आठ दिवस चालवून बघायला आणली. रोज कोर्टात जायला ती परवडेल, असं त्यांचं म्हणणं. मला सातवा महिना होता. तरी पुसदला निघताना पुढे त्यांचे एक मित्र बसले आणि मी पुढची सीट दुमडून मागच्या फटीत रांगत शिरले. आत पेट्रोलचा आणि तापलेल्या रेग्झिनचा वास कोंडला होता.

पुसदच्या रस्त्यावर काळ्या चिखलात मागची चाकं घसरली आणि गाडी फिरून रस्त्यात आडवी उभी राहिली. मी किंचाळले, "अहो, हळू चालवा!"

"इंजनाचा जोर मांगच्या चाकायले हाय, म्हणून नाचते ते. तुले काय समजते गाडीतलं? चूप बस," ते म्हणाले. मित्र खदखदून हसले.

"मले उतरू द्या."

मित्राला खाली उतरवून मी बाहेर आले आणि दिग्रसकडे चाललेल्या एसटीला हात केला. यजमानांनी गाडी सरळ केली आणि पुसदकडे पिटाळली.

लोकांनी त्याला हट्ट म्हटलं, मलाही तो हट्टच वाटायचा. आता वाटतं, मी फार उशिरा उतरले. गाडी त्यांनी घेतलीच. बाळंतपणाला मात्र मी यवतमाळला एसटीनेच गेले.