किल्ल्याची वास्तुशांत

जर्सी सिटीहून पहाटे पाचला निघायचं, सहा तास बसमध्ये बसायचं, किल्ला पाहायचा आणि परत सहा तास बसायचं, याला आमच्या महाराष्ट्र मंडळात ‘निसर्गरम्य सहल’ म्हणत. २००६च्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी त्या सहलीला गेले. निसर्गाशी मला काही देणंघेणं नव्हतं. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आईने नागपूरचा फ्लॅट विकून कायमचं इकडे यावं, असं मी आणि मिशिगनमधल्या नोव्हायला राहणाऱ्या भावाने फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ती माझ्याकडे उतरली होती आणि भाऊ पहिल्यापासून पळपुटा. घरात विषय काढला की आई कुकर लावायला उठायची. बसमधून उठून जाईल कुठे?

पण बसमध्ये अंताक्षरी होती. मंडळाच्या सेक्रेटरी काकांच्या हातात माइक आला की तो बॅटरी संपेपर्यंत सुटत नाही. खिडकीबाहेर एकामागून एक सुंदर तळी येऊन गेली म्हणे. आम्ही ‘म’वर अडलो होतो.

नाश्त्याला अर्धा तास ठरला होता. प्रत्येक घराने ‘कमी पडायला नको’ म्हणून अख्ख्या बसला पुरेल एवढं आणलेलं. रेस्ट एरियाच्या बाकांवर इडल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तीन घरचे पोहे मांडले गेले. तिन्ही खाल्ल्याशिवाय कुणाला सोडत नव्हते. “संपवूनच निघू, वाया नको जायला,” काकांनी जाहीर केलं. दीड तास गेला आणि किल्ल्याच्या बेटावर नेणारी बोट चुकली.

पुढची बोट तासाभराने होती. धक्क्यावर उन्हात बसल्या बसल्या मी धीर केला.

“आई, तिकडे एकटीला सगळं जड जात असेल नं?”

“त्यात काय जड? लिफ्ट आहे.”

एवढं बोलून तिने मला चौथ्या घरचा चिवडा दिला.

किल्ल्यात पाय ठेवताच आमच्या लोकांनी निकाल दिला. “ना तोफ, ना तटबंदी. याला बंगला म्हणतात, यार!” असं काका गाइड मुलीच्या देखत मराठीत म्हणाले. ती बिचारी गोड हसली आणि तिने गोष्ट सांगितली. एक बडा हॉटेलवाला बायकोसाठी हा किल्ला बांधत होता. ती अचानक वारली. त्याने तार करून काम थांबवलं आणि पुन्हा इथे पाऊल ठेवलं नाही. बायकांनी डोळे टिपले. मी आईला भाषांतर करून सांगितलं आणि वर पदरचं घातलं, “एकट्या माणसाला घर खायला उठतं, आई.”

“वास्तुशांत केली होती का, विचार.”

मी विचारलं. ऑफिसात चौकशी करून सांगते, असं गाइड म्हणाली.

वरचा मजला अजून तसाच होता, भिंती उघड्या. आईने एका भिंतीवर हात फिरवला.

“मूर्ख माणूस. बायको गेली म्हणून काम अर्धं टाकून पळाला. तुझे बाबा गेले तेव्हा बाथरूम फोडलेलं होतं. मी पंधराव्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. टाइल्स त्यांनी निवडून ठेवल्याच होत्या, मी समोर उभी राहून लावून घेतल्या.”

त्या तेरा दिवसांत आम्ही शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जात होतो. हे मी साफ विसरले होते. चौदाव्या दिवशी मी विमानात होते, कारण माझं प्रोजेक्ट लाइव्ह जाणार होतं. बाथरूमचं पुढे काय झालं, हे मी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला त्या मजल्यावर आडोसाही नव्हता.

“फ्लॅट विकायचा नाही,” आई म्हणाली. “सकाळपासून तू तोंड उघडतेस नि मिटतेस, म्हणून मीच सांगून टाकते. भावालाही कळव.”

मी विचारलं, “कुठल्या रंगाच्या आहेत टाइल्स?”

“येऊन बघ,” आई म्हणाली.