पेरूचा देश

पेरू नावाचा देश आपल्या पेरूमुळे पेरू झाला, असं मी एकदा ठणकावून सांगितलं होतं. वरकुट्यात तेव्हा मी नवी सून. मॅट्रिक पास! घरात भूगोल शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे अक्कल पाजळायला मोकळं रान. माझ्या थोरल्या नणंदेनं, हौसावन्संनी, नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हितं पेरू लिवलंय, ते कशापायी?" मला 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, "आपले पेरू बोटीनं तिकडं गेले. लोकांना इतके आवडले, की देशालाच ते नाव दिलं."

त्या हौसावन्सं गेल्या महिन्यात गेल्या. बारामतीला मुलाकडे मला फोन आला, तेव्हा मी रडायच्या आधी हसले... मुलाला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

वन्सं ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. पडीक तुकड्यावर त्यांनी पेरूची बाग उभी केली होती. पुढं कालव्याला पाणी आलं, जो तो ऊस लावू लागला, आणि सासऱ्यांनीही बाग काढायचं ठरवलं. बाग गेली असती, तर भावांच्या चुलीपुढं भाकरी थापण्यातच वन्संचा जन्म गेला असता. त्या ओसरीवर उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, "आबा, ज्या फळापायी अख्ख्या देसाला नाव पडलं, त्येची झाडं तोडून ऊस लावताय व्हय?"

सासरे दाराकडे वळले. "सूनबाई, खरं हाय का ह्ये?"

दाराआडून पदर सावरत मी म्हटलं, "हो, पुस्तकात आहे." पुस्तकात नुसता नकाशा होता, बाकी सगळं माझ्या डोक्यातलं!

बाग राहिली. वन्संच्या नावावर झाली. इंदापूरच्या बाजारात त्यांचा माल आला की व्यापारी उठून पुढं यायचे, आणि भाऊ बी-बियाण्याला हात पसरायचे ते त्यांच्याच पुढं.

दोनेक वर्षांमागं माझ्या नातीनं मला खरं काय ते सांगितलं. देश आधीचा, फळच तिकडून आपल्याकडे आलं. फळाच्या नावावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. देशाचं म्हणाल तर तिकडं बिरू नावाचा कोणी सरदार होता म्हणे. परक्या दर्यावर्दींनी त्याचं नाव अर्धवट ऐकलं आणि सगळ्या मुलखाला चिकटवलं. मी तडक वरकुटं गाठलं. ज्या गोष्टीच्या जोरावर ही बाई उभी राहिली, ती मी रचलेली होती, हे कसं सांगायचं? वन्सं झाडाखाली पेरू निवडत होत्या. मी रडत रडत सगळं ओकून टाकलं. त्यांनी हातातला पेरू खाली ठेवला.

"सरदाराचं नाव काय म्हनलीस?"

"बिरू."

"बिरू? आगं, ह्यो तर आपल्या बिरोबाच्या नवसाचा दिसतोय! म्हंजी नाव आपलंच की गं. मग रडतीस कशाला? धर त्यो क्रेट, गाडी हुबी हाय."