बारा शेर मिरची आणि नेलपॉलिशच्या रेघा

आमच्या घरात नेलपॉलिश स्वयंपाकघरात असतं. फ्रिजच्या डोक्यावर, लायटरच्या शेजारी, लालभडक रंगाची छोटी बाटली. ती माझ्या नातसुनेची, स्वीडलची. तिच्या नखांना ते लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ते लागतं बरण्यांना.

तांदूळ, डाळ, साखर, चहा, तेल, सगळं आमच्याकडे आरपार दिसणाऱ्या बरण्यांत असतं. प्रत्येक बरणीवर लाल रेघा. एक रेघ म्हणजे एक आठवडा. पहिल्या तारखेला बरणी गळ्यापर्यंत भरायची आणि शनिवारी बघायचं, माल रेघेला टेकला का. शनिवारच्या आधी साखर रेघेखाली गेली तर शनिवारपर्यंत चहा अर्ध्या चमच्याचा. भांडण नाही, वहीत लिहिणं नाही. माझा पुतण्या टोनी कल्याणला असतो, तो एकदा आला आणि म्हणाला, "स्वीडल, चहा जरा गोड कर गो." स्वीडल काही बोलायच्या आत आमची पणती आयव्ही, वय वर्षं साडेतीन, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अंकल, लेघ संपली." टोनी तसाच चहा प्यायला. आता येताना खिशात साखरेच्या पुड्या आणतो, हॉटेलातून उचललेल्या.

ही रेघांची विद्या स्वीडलने मोहन्याहून आणली. तिचा बाप तिथल्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची. तिच्या आईने तांदूळ मोजायच्या ग्लासावर नेलपॉलिशने खूण केली आणि त्या खुणेवर चार माणसं सहा वर्षं जेवली. स्वीडल हे सांगताना रडत वगैरे नाही. "खूण बरोबर होती ना, म्हणून," एवढंच म्हणते.

तेलाचंही तिचं वेगळं. बाकीचे पाच लिटरचा कॅन आणतात, स्वस्त पडतो म्हणून. ही एकेक लिटरची पिशवी आणते. माझा नातू केव्हिन माजिवड्याला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "अगं, कॅनमध्ये लिटरमागे आठ रुपये वाचतात." ती म्हणाली, "वाचतात दुकानात. घरी कॅन भरलेला दिसला की तू रविवारी भजी मागतोस." केव्हिनने विचार केला. त्या रविवारी भजी मागितली नाहीत.

हे सगळं एवढं कडक का, त्याला कारण होतं. स्वीडल आधी डोंबिवलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. चार वर्षं पेशंटांचे रिपोर्ट पाकिटात घालून देता देता तिच्या मनात आलं, की पाकिटात घालणारी का, रिपोर्ट काढणारी का नाही? तिने नोकरी सोडली आणि कल्याणला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. फी तिच्या साठवलेल्या पैशांची. घर मात्र केव्हिनच्या एका पगारावर आलं. आमच्या ठाकुर्लीच्या फ्लॅटचा हप्ता, वीज, बाकीचं सगळं जाऊन स्वयंपाकघराला उरत होते साडेनऊ हजार. किराणा, भाजी, दूध, मासळी, गॅस, सगळं त्यात. माझं पेन्शन औषधांच्या दुकानापर्यंत जातं आणि तिथेच राहतं, त्याचं नाव नको.

तेव्हा तिने केव्हिनला स्वतःहूनच सांगितलेलं, "एक महिना जरी साडेनऊच्या वर गेला ना, तर मी कोर्स सोडून काउंटरवर जाते. उधारी करून शिकायचं नाही मला." डॉक्टर भले माणूस. म्हणाले, तुझी जागा मी मे अखेरपर्यंत धरून ठेवतो, मग दुसरी मुलगी बघेन. परीक्षा जूनमध्ये. म्हणजे मे महिना निघाला की सुटली.

दहा महिने निघाले. एप्रिलमध्ये ईस्टर झालं आणि मी जेवताना सहज म्हणालो, "मसाल्याचं बघायला पाहिजे आता."

आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरात मसाला वर्षातून एकदा होतो, उन्हाळ्यात. मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. तपकिरी बाटली अशासाठी, की उजेड लागला तर रंग उडतो. मटण असो, मासळी असो, साधी वांगी असोत, हात त्या बाटलीकडेच जातो. माजिवड्याच्या गावठाणात आमचं घर होतं तेव्हा महिन्याचा किराणा हा प्रकारच नव्हता. मे महिन्यात वर्षाचे तांदूळ, वर्षाची चिंच, वर्षाचे सुके बोंबील घरात यायचे आणि दारं लावून बसायचं. एका वर्षी माझ्या काकाने बोंबलांच्या कणगीवर झोपायची जागा केली, कारण दुसरी जागाच नव्हती. पुढे दिवाळीपर्यंत मांजरं त्याच्या मागून फिरायची. हे जरा वाकडं गेलं. मुद्दा असा की स्वीडल बारा महिन्यांचा विचार करत होती, पण एकेक करून. आणि मसाला एकाच महिन्यात येतो.

तिच्या डोक्यात मसाला नव्हताच असं नाही. म्हणाली, "चौदाशे रुपये बाजूला काढलेत आजोबा."

"चौदाशे? चौदाशेत काय होतं?"

"पाच बाटल्या होतात."

मी उठलो आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून कागद काढला. माझी बायको अँजेला, जाऊन सहा वर्षं झाली, तिचा तो कागद. तिला लिहिता येत नव्हतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली तिने सांगितलं आणि मी लिहिलं. मी सातवी पास, अक्षर बरं. पहिली ओळ: मिरची बारा शेर. खाली धणे, हळद, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल. आमच्यात हा कागद बाहेरच्याला दाखवत नाहीत.

स्वीडलने मोबाइलवर शेराचे किलो केले, मग बाजारभाव लावले. "कांडप धरून पावणेअकरा हजार," ती म्हणाली.

केव्हिनने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो लावूनच ठेवला.

"दर वर्षी एवढाच होतो," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. गेल्या वर्षापर्यंत तिचा पगार होता. तो कशात जातो ते कोणी विचारलं नव्हतं, मी तर नाहीच.

"अडतीस बाटल्या होतात आजोबा. आपल्याला एक बाटली अडीच महिने जाते. मी रेघा मारून बघितलंय. वर्षाला पाच. बाकीच्या तेहतीस?"

"उत्तनला माझ्या बहिणीला, फिलूला, आठ. वसईला केव्हिनच्या आईबापाला आठ. टोनीला सहा. बाकी चर्चमधली माणसं. अँजेलाचा मसाला म्हणून वाट बघतात सगळे."

"यंदा पाच करू या ना. पुढच्या वर्षी मी कमवायला लागले की अडतीस."

मी म्हणालो, "कागदात आहे तसा, नाहीतर राहू दे." असं बोललो ते बोललो. त्यानंतर पंधरा दिवस मसाल्याचं नाव घरात निघालं नाही.

मे उजाडला. जुन्या मसाल्याची शेवटची बाटली खाली खाली जात राहिली. सिलिंडर पाच दिवस आधी संपला, वसईची मंडळी दोन दिवस राहून गेली, दुधाचे दर वाढले. सतरा तारखेला मसाला शेवटच्या रेघेखाली गेला. त्या दिवशी स्वीडल माझ्यासमोर येऊन बसली. हातात मोबाइल.

"आजोबा, बनवू या मसाला. बारा शेर. आजीचं नाव माझ्यामुळे नको तुटायला. मी उद्या डॉक्टरांना फोन करते, जूनपासून येते म्हणून. ते थोडे पैसे आगाऊ देतील."

"आणि परीक्षा?"

"बघू पुढे कधीतरी."

हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू भाजीवाल्याला कोथिंबीर नको सांगते आहे. मी हं म्हणालो. मला बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू. मसाला होणार होता.

आता रंभाताई. त्या आमच्या शेजारच्या दारात राहतात, पालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेल्या. मिस्टर देवराम दिवसभर पेपर वाचतात आणि बाई दिवसभर बोलतात. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे अंड्यांचं कालवण होतं. रंभाताई आमच्याकडेच बसलेल्या, आयव्हीच्या वेण्या घालत. मी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"वा! ह्याला म्हणतात मसाला. रंभाताई, हा वास घेऊन बघा. चौऱ्याहत्तर सालचा हात आहे हा. अँजेला समोर उभी राहते की नाही? दुसऱ्या कुठल्या घरात हे जमायचं नाही."

"खरं की काय, काका?" रंभाताई म्हणाल्या.

"शंभर टक्के. डोळे बांधून ओळखेन."

"मग डोळे बांधायचे राहिले तेवढं बरं झालं. माझ्या डब्यातला आहे तो. तुमची बाटली संपली म्हणून सकाळी वाटीभर दिला स्वीडलला. अडीच किलो मिरची, आमच्या सासूची पद्धत."

देवराम दारात पेपर घेऊन उभे होते. त्यांनी पेपर खाली केला आणि परत वर केला. पेपर हलत होता. स्वीडल ओट्याकडे तोंड करून उभी, तिचेही खांदे हलत होते. मी कालवण संपवलं. चांगलंच होतं, पानात कसं टाकणार? पण डोळे बांधून ओळखेन म्हणणाऱ्या माणसासाठी तिने कोर्स सोडायचा, हे मलाही जरा जास्त वाटायला लागलं.

हात धुऊन मी स्वीडलला म्हणालो, "डॉक्टरांना उद्या फोन करू नकोस," आणि उत्तनला फिलूला फोन लावला. यंदा मसाला होणार नाही, एवढंच सांगायचं होतं. पण सुरुवात काकाच्या मांजरांपासून झाली, मग चौऱ्याहत्तर साल, मग कागद. वीस मिनिटांनी मी मूळ मुद्द्यावर आलो.

फिलू म्हणाली, "दादा, एक बोलू? रागावशील."

"बोल गो."

"माझ्याकडे अकरा बाटल्या भरलेल्या पडल्यात रे. कपाटात कपडे ठेवायला जागा नाही. पोरं परदेशात गेली, आम्ही दोघं म्हातारे, मिरची सोसत नाही. तू आठ-आठ बाटल्या पाठवतोस."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? वहिनीचं नाव घेऊन देतोस. नको म्हटलं तर वहिनीला नको म्हटल्यासारखं."

मी टोनीला फोन केला. टोनी म्हणाला, "काका, मला अल्सर आहे दोन वर्षं. तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात भेटायला तुम्हीच आलेलात, मसाल्याची बाटली घेऊन." त्याच्याकडे पाच निघाल्या. वसईला सुनेकडे तीन. तिच्या मते मसाला फर्स्ट क्लास आहे, पण आठ बाटल्या म्हणजे शिक्षा आहे.

मी मोबाइल ठेवला. स्वीडल समोरच होती, सगळं ऐकत होती. हसली नाही. तिने फक्त विचारलं, "घरात माणसं किती होती आजोबा, हा कागद लिहिला तेव्हा?"

मी बोटांवर मोजली. बायका वेगळ्या, पोरं वेगळी. "बावीस," मी म्हणालो.

"ते लिहिलं नाही कागदात."

नव्हतं लिहिलं. तेव्हा कोण लिहिणार? बावीस माणसं समोर जेवत होती.

पुढच्या रविवारी टोनी रिक्षातून तीन खोके घेऊन आला, एकोणीस बाटल्या. फिलूने तिच्या खोक्यात सुक्या बोंबलांची जुडी आणि मीठ घातलं होतं. उत्तनच्या बाजूला बाटली एकटी परत पाठवत नाहीत, ती रीत तिने पाळली. आठ दिवस मासळीचा प्रश्न सुटला. स्वीडलने गेल्या वर्षीची एक बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली, झाकण काढून वास घेतला आणि त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं. मग फ्रिजवरून नेलपॉलिश काढून रेघा ओढायला बसली. दहा रेघा, दहा आठवडे.

मे महिना नऊ हजार दोनशेत बसला. एकतीस तारखेला सकाळी तिने दवाखान्यात फोन लावला. मी बाजूलाच चहा घेत होतो, अर्ध्या चमच्याचा.

"सर, स्वीडल बोलतेय. ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. नाही नाही, राग कसला सर? परीक्षा आहे माझी पंधरा दिवसांनी... हो सर. पास झाले की रिपोर्ट द्यायला येईनच की. माझ्या सहीचे."

फोन ठेवून ती पुस्तक घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. मी पत्र्याच्या डब्यातून कागद काढला, पेन घेतलं आणि "मिरची बारा शेर"च्या पुढे लिहिलं: बावीस माणसांसाठी. शाई वेगळी दिसते, पण अक्षर अजून तेच आहे.

मी मोठ्याने हिशेब केला, की एकोणीस बाटल्या म्हणजे जवळजवळ चार वर्षं. रंभाताई आयव्हीला घ्यायला आलेल्या, त्यांनी ऐकलं. "चार वर्षं मसाला टिकतो होय, काका?" म्हणाल्या, आणि चार बाटल्या पदराखाली घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांचा डबा आला, त्यांच्या मसाल्याने काठोकाठ भरलेला. स्वीडल बाहेर आली, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "स्टीलचा आहे. ह्याला रेघ कुठे मारू?"