रफीकचाचांच्या कानातला फाया

आमच्या खोलीत अगरबत्ती, पावडर, सेंट, सगळं बंद. वास ओळखायची टेस्ट असते ना! बाकी चिकलठाण्याच्या या दवाखान्यात धुळीपेक्षा किस्सेच जास्त साचतात.

वजन कमी करायला आलेल्यांना मी उपाशीपोटी बाटल्या हुंगायला देते. वैजापूरचे एक अडते लवंगेला म्हणाले मटण, लिंबाला पोहे. म्हटलं, काका, एकाच वस्तूचं नाव सांगा. तर म्हणतात, "उपाशी माणसाला सुटी वस्तू कुठं दिसती, ताई?"

*

आमच्या डॉक्टर मॅडम सांगतात, चरबी नुसती साठून बसत नाही. ती लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. मेंदूत वास जिथं पोचतो तिथंही ते जातं आणि 'पुरे आता' असं कळवतं. चरबी घटली की निरोपही घटतो, मग जेवणाचे वास जास्त ओढतात. देवगाव रंगारीच्या एका काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्याकडून तर लई निरोप जात असतील. तिकडं कुणी वाचतच नाय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, आमचं संशोधनही नेमकं तिथंच अडलंय.

*

रफीकचाचा लग्नातल्या नान-खलियाचे बावर्ची; तंदूरचे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, पण वजन उतरल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. पहिल्याच टेस्टला त्यांना सगळ्या बाटल्यांचा एकच वास यायला लागला. चेहराच उतरला.

"बेटा, नाकच गेलं तर मी बावर्ची कसला?"

मला त्या दिवशी सर्दी, मला काय कळणार! मॅडमनी मात्र दारातूनच विचारलं, चाचा, कानात काय आहे? हिना अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया! रोजचाच, त्यामुळं त्यांच्या ध्यानातही नव्हता. दुसऱ्या दिवशी फाया न लावता आले, सगळे वास बरोबर.

*

वजन उतरलं आणि चाचांची वेगळीच तक्रार सुरू झाली. गल्लीच्या टोकावरनं तंदूर हाक मारतो म्हणे, यापेक्षा रोजे सोपे. त्यात ऑपरेशनची तारीख आणि पुतणीचं लग्न एकाच आठवड्यात. वजन परत चढलं तर तारीख गेली. पण लग्नातल्या खलियाची डेग दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. लग्नाला मॅडम आणि मी गेलो. मला तर धाकधूकच होती.

चाचा काठी टेकत डेगेपाशी गेले. झाकण सरकवलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "उतारो." मॅडमनी मुद्दाम विचारलं, चाखणार नाही?

चाचांनी खिशातून डबी काढली. चांगला मोठा फाया हिनात बुडवून कानात खोचला.

"मेरा हो गया, मॅडम. तुम्ही बसा जेवायला."