किशोरची साक्ष

किशोर साळवे हा बोलघेवडा माणूस कधीच नव्हता. नाशिकच्या सातपूरमधल्या एका वर्कशॉपात तो चौदा वर्षं लेथवर उभा राहिला, आणि लेथवरच्या माणसाला बोलायला फुरसत कुठली? कान मशीनच्या आवाजावर, डोळा कातायच्या तुकड्याच्या, म्हणजे जॉबच्या, मापावर. मालक रियाजभाई नव्या पोरांना दटावायचे, "त्याला हाक मारू नका रे, तो जॉबशी बोलतोय." असा हा माणूस ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी तीस-पस्तीस नातेवाइकांपुढे उभा राहिला आणि चक्क बोलला. तो काय बोलला आणि लोकांनी काय ऐकलं, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

आधी त्याच्या बायकोचं सांगायला हवं. मोहिनी नर्स. कामाला वाघीण आणि बोलायला सरळ. सात वर्षांपूर्वी तिला आयर्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी चौघांना पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. रूथ तेव्हा सहा वर्षांची, योएल दोनचा. मोहिनीची ड्यूटी बारा-बारा तासांची, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. मुलं बघायला तिकडे ना आजी, ना मावशी, ना शेजारची काकू. "थोडे दिवस तू घरी थांब," ती किशोरला म्हणाली. थोडे दिवस म्हणता म्हणता सात वर्षं सरली. मध्ये त्याने एका गोदामात चार महिने काम करून पाहिलं. योएलला ताप आला आणि शाळेचा फोन तीनदा वाजून गेला, त्या दिवशी तेही सुटलं.

मग किशोर घरचाच झाला. सकाळी डबे, मग मुलांना शाळेत सोडणं, मग कपडे, भांडी, भाजी आणणं, अडीचला पुन्हा शाळेचं फाटक. रात्रपाळी करून आलेली मोहिनी झोपलेली असली की घरात मिक्सरही लावायचा नाही. पोळ्या तो आता इतक्या गोल लाटतो की सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहून तोंडात बोटं घातली. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बायका त्याला 'रूथचे बाबा' म्हणतात. नाव कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. घरातला मराठी उपासनेचा नेम त्याने मोडू दिला नाही, पण मुलं आता प्रार्थना मराठीत म्हणतात आणि भांडतात इंग्रजीत. मागच्या वर्षी रूथ त्याला हळूच म्हणाली, "पप्पा, शाळेबाहेर मला मोठ्याने मराठीत हाक नका मारू ना." ती पोर वाईट नाही हो, तेरा वर्षांची आहे. पण ते वाक्य त्याला फार लागलं.

ह्या वर्षी तीन आठवड्यांसाठी सगळे नाशिकला आले. किशोरचे आईवडील राहिले नाहीत, त्यामुळे मुक्काम शरणपूर रोडच्या मागे, सासरे रावजी पगारे ह्यांच्याकडे. दुसऱ्याच दिवशी किशोरने मेव्हण्याची मोटरसायकल काढली आणि सातपूर गाठलं. रियाजभाईंनी चहा मागवला, गप्पा झाल्या, आणि उठता उठता ते म्हणाले, "बघ जरा, हात विसरला का." किशोर लेथपाशी गेला. पाच मिनिटांत कपाळावर घाम, बोटांना काळं तेल, आणि जॉब असा उतरला की रियाजभाईंनी दोनदा मोजून पाहिला.

"नवं मशीन येतंय," ते म्हणाले. "पोरं आहेत, पण हात नाहीत. तू येतोस? एक वर्ष तर एक वर्ष. जायच्या आदल्या रविवारपर्यंत सांग, मग मी दुसरा बघतो."

त्या दिवसापासून किशोरला दुसरं काही सुचेना. परतीचं विमान सोमवारचं. मोहिनी आणि मुलं जातील, आपण एक वर्ष मागे राहू. रूथ मोठी झाली आहे, भावाला बघेल. एकच वर्ष. मनातल्या मनात त्याने हे शंभरदा जुळवलं, आणि शंभरदा योएलचा ताप मध्ये आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. पण एक गोष्ट त्याला स्वच्छ कळत होती: ह्या खेपेला विमानात बसला, तर पुन्हा कुणी 'येतोस का' म्हणून विचारणार नाही. तो त्रेचाळीसचा होता.

सांगायचं कसं, हा प्रश्न. मोहिनीला सांगायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "थांब जरा, अण्णांच्या गोळ्या संपल्यात." सासऱ्यांना सांगावं, तर रावजीअण्णा एका वाक्यावर दहा वाक्यं बोलणारे. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली, त्यामुळे समोरच्याचं दुखणं त्याच्याआधी स्वतःच सांगायची सवय. आणि आता तर लेक परदेशात, नातवंडं परदेशात! चर्चमध्ये त्यांची मान ताठ असे ती ह्याच गोष्टीवर.

अण्णांनी निघायच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुती ठेवली. मुलंबाळं सुखरूप आली, देवाचे आभार मानायचे. आमच्या ख्रिस्ती घरांत पास झालं, ऑपरेशन निभावलं, नोकरी लागली की उपकारस्तुती ही ठरलेली. शेजारून सतरंज्या येतात, कुणाची तरी पेटी, कुणाची ढोलकी, पाळकसाहेबांचा संदेश, मग पुलाव आणि गुलाबजाम. आणि मध्ये साक्ष. ज्याच्यावर कृपा झाली त्याने उठून सगळ्यांसमोर सांगायचं, देवाने माझ्यासाठी काय केलं.

इथेच किशोरला युक्ती सुचली. साक्ष देणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही. अण्णाही नाहीत. अख्ख्या सासरवाडीत जावयाला पाच मिनिटं सलग बोलायला मिळावीत, अशी ही एकच जागा. आणि पाळकसाहेबांसमोर एकदा बोललं की ते बोललं. बिचाऱ्याचा हिशेब चोख होता, एवढंच की साक्षीची रीत त्याने लक्षात घेतली नाही.

शुक्रवारी घर भरलं. दोन गीतं झाली. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले, योएल आजीला टेकून पेंगुळलेला, मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आता आमचे जावईबापू साक्ष देतील," अण्णा म्हणाले, आणि किशोर उठला.

"सगळ्यांना सलाम," तो चर्चच्या रिवाजाने म्हणाला.

"सलाम," सगळे म्हणाले.

"मी सात वर्षं घरी आहे. सकाळी मुलांना शाळेत सोडून येतो आणि दार लावतो. मग दिवसभर मी एकटा. योएल शाळेत जायला लागला तेव्हा रेडिओ लावून ठेवायचो, माणसाचा आवाज यावा म्हणून."

"होय, प्रभू," कुणी आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"मला तिथे कुणी ओळखत नाही. माझ्या हातात काही कला आहे, हे तिथे कुणाला ठाऊक नाही. कधी भांडी घासता घासता मला रडू येतं. मुलं यायच्या आत तोंड धुतो."

"आमेन," पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले.

किशोर क्षणभर गोंधळला. माणसं माना डोलावत होती, प्रेमाने डोलावत होती, आणि वाट बघत होती. कारण साक्ष अशीच असते. आधी दुःख सांगायचं, चांगलं खोल सांगायचं, आणि मग देवाने त्यातून कसं काढलं ते सांगायचं. किशोर त्यांच्या दृष्टीने अर्ध्यावर होता, आणि अर्धी तर त्याने झकास दिली होती.

"मला तिकडे कोंडल्यासारखं होतं," तो म्हणाला. समोर रूथ बसली होती आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. "खरं सांगतो, माझ्याने आता होत नाही. मला परत..."

'मला परत जायचं नाही.' एवढंच वाक्य होतं. 'परत'वर तो अडला आणि पुढचे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. कुणी मध्ये तोडत नाही हे खरं, पण अडलेल्याला हात देतातच की! रावजीअण्णा उठले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाले, "परत उभं केलं! प्रभूने परत उभं केलं!"

"हालेलुया," अख्खं घर म्हणालं. पेटीवाल्याने सूर धरला, ढोलकी लागली, आणि किशोर टाळ्यांच्या मध्ये तसाच उभा राहिला. जेवताना माणसं येऊन त्याचा हात हातात घेत होती. "काय साक्ष दिलीत, जावईबापू," आत्याबाई म्हणाल्या, "अंगावर काटा आला." त्याने सगळ्यांना पुलाव वाढला.

शनिवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मोहिनी त्याला म्हणाली, "अण्णांनी वाक्य भलतंच पुरं केलं."

किशोरच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. "तुला कळलं?"

"मला नाही कळणार तर कोणाला कळणार? तू सातपूरहून आलास, तेव्हा नखांत तेल होतं. सात वर्षांत मी तुला इतकं आनंदी बघितलं नव्हतं."

"मग काल तू बोलली का नाहीस?"

ती सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी बोलले असते, तर तू खरंच थांबला असतास." आणि रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, की तिलाही तिकडे नको होतं, पण रूथचं आता इकडे होणार नाही, योएलला तर मराठी वाचताही येत नाही, आणि एकटीने दोघांना धरून रात्रपाळ्या तिच्याने होणार नाहीत. "तू थांबायचं म्हणालास तर मी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच किशोरचा सगळा रस्ता बंद झाला. भांडली असती तर तो भांडून राहिला तरी असता.

खाली येऊन त्याने रियाजभाईंना फोन लावला.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"नाही जमायचं, भाई."

"का रे? तिकडे बरं चाललंय का?"

"चांगलं चाललंय," किशोर म्हणाला. "मुलं शिकतात, मोहिनीचा मान आहे, घर आहे. सुरुवातीला जड गेलं मला, पण देवाची कृपा झाली. आता काही त्रास नाही." एकदाही न अडखळता त्याने हे सगळं सांगितलं, आणि रियाजभाई म्हणाले, ऐकून फार बरं वाटलं.