विद्यार्थी सवलतीचा विमा

पप्पांना पहिली फिट आली तेव्हा मी बारावीत होते. दुसरी आली तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, "आता गाडी चालवायची नाही. स्वतःसाठी नाही आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणासाठीही नाही." कर्जतजवळ आमची रोपवाटिका आहे. त्या दिवसापासून आमची पांढरी गाडी मिरचीच्या रोपांच्या ट्रेशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. आईला गाडी येत नव्हती. राहिले मी.

अठरा पूर्ण झाल्यावर मी लायसन काढलं. राहुरीला कृषी पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. सुट्टीला घरी आले की पप्पांना नगरला दाखवायला न्यायचं आणि जमलंच तर रोपं पोचवायची, असं आमचं ठरलं. पण गाडीचा विमा संपून बरेच महिने झाले होते आणि ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

स्टँडजवळच्या एजंटकडे गेले. त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या लायसनकडे पाहिलं. "नवं कोरं लायसन, त्यात विमा तुटलेला. क्लेम न घेतल्याची बोनस सूट गेली, गाडीची तपासणी करावी लागेल," असं म्हणत त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. दुसऱ्या एजंटने जरा समजुतीने घेतलं. "फुल परवडत नसेल तर नुसता थर्ड पार्टी घे. स्वतःच्या गाडीचं काही मिळणार नाही, पण समोरच्याला लागलं तर त्याचं कंपनी बघेल." मला ते अर्धवट वाटलं. माझ्या हातात गाडी पहिल्यांदाच येणार होती. धक्का लागला तर तो आपल्याच गाडीला लागणार, अशी माझी खात्री होती.

मग मला सर आठवले. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून लोकांचे विमे उतरवत. मी गेले तर ते किती खूश झाले! "अगं, विद्यार्थ्यांसाठी खास सवलतीची योजना आहे. माझाच एक जुना विद्यार्थी नगरला मोठ्या ऑफिसात आहे, तो करून देतो. माझ्या सगळ्या पोरांना मी तीच देतोय." इतरांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यातच काम झालं. दोन दिवसांत मोबाईलवर पॉलिसी आली. कंपनीचं चिन्ह, गाडीचा नंबर, पप्पांचं नाव, सगळं जागच्या जागी होतं. पप्पा म्हणाले, "सरांनी केलंय म्हणजे बघायची गरज न्हाई."

ती सेमिस्टर संपल्यानंतरची सुट्टी होती. पप्पांना नगरला दाखवून आम्ही परत येत होतो. मिरजगावच्या अलीकडे डाव्या हाताच्या शेतरस्त्याने एक मोटरसायकल सरळ डांबरीवर आली. मागे दुधाची किटली बांधलेली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबत आली होती, पण थांबली नव्हती. बंपर मोटरसायकलच्या मागच्या चाकाला लागला आणि चालवणारे आजोबा रस्त्यावर पडले. दूध माझ्या चाकाखालून वाहत गेलं.

मला वाटलं ते उठतील. ते उठले नाहीत. मांडी धरून म्हणत राहिले, "पाय न्हाई हालत गं पोरी, पाय न्हाई हालत."

पप्पांनी आणि रस्त्यावरच्या दोघांनी त्यांना आमच्या मागच्या सीटवर आडवं घेतलं आणि मी गाडी उलट नगरला वळवली. तेवढं अंतर मी कशी चालवत गेले ते मला आजही सांगता येत नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन लागणार होतं. आजोबांचा मुलगा धावत दवाखान्यात आला. माझ्याएवढीच त्याची मुलगी असावी. त्याने हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. नुसतं म्हणाला, "आमी हातावर पोट असलेली मानसं. म्हाताऱ्याचं ऑपरेशन कसं करायचं?"

मी म्हणाले, "काका, गाडीचा विमा आहे. तुम्ही काळजी करू नका."

हे मी मोठ्या विश्वासाने म्हणाले. त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब होता. आजोबांचा मुलगाही आला होता, माझ्या शेजारीच उभा होता. हवालदारांनी माझं लायसन पाहिलं, गाडीचे कागद पाहिले, मग मोबाईलवरची पॉलिसी पाहिली आणि नंबर कॉम्प्युटरवर टाकला. एकदा टाकला, परत टाकला.

"ताई, ही गाडी कार आहे ना?"

"हो."

"इथं दुचाकीचा विमा दिसतोय."

मला वाटलं त्यांनी नंबर चुकवला. मी मोठ्याने एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, या क्रमांकावर आमच्याकडे दुचाकीची पॉलिसी आहे. कारसाठी कोणतंही संरक्षण नाही. आणि विद्यार्थी सवलत अशी आमची कोणतीही योजना नाही." कुणीतरी आमच्या गाडीच्या नंबरावर स्कूटरचा स्वस्त विमा काढला होता आणि पॉलिसीवरची अक्षरं बदलून ती कारची करून मला पाठवली होती.

शेजारी उभा असलेला तो माणूस माझ्याकडे बघत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला आधी कळलंच नाही. "म्हंजी?" तो म्हणाला. "म्हंजी इमा हाय का न्हाई?"

पप्पांनी मान खाली घातली. उत्तर मला द्यावं लागलं. "नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि पप्पा सरांच्या घरी गेलो. सर कुंड्यांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले. "शक्यच नाही. कॉम्प्युटरची चूक असेल. थांब, माझ्याच कारचा विमा दाखवतो, मीही त्याच्याकडूनच घेतलाय." चष्मा लावून त्यांनी मोबाईलवर स्वतःच्या गाडीचा नंबर टाकला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्यांचं फळ्यावरचं एकही गणित चुकलेलं मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं, त्या माणसाने तोच नंबर पुन्हा एकेक आकडा तपासत टाकला. त्यांचीही पॉलिसी दुचाकीची होती.

त्यांनी नगरच्या त्या विद्यार्थ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. सर पायरीवर बसले आणि स्वतःशी बोलावं तसं आठवू लागले. नावं त्यांच्या तोंडून निघालीच नाहीत, मुलं वर्गात बसायची तशीच ती त्यांना दिसत होती. "खिडकीजवळची, ती पुण्याला शिकायला गेली, तिला दिला. तो डावखुरा, त्याच्या टेम्पोला दिला. शेवटच्या बाकावरचा, तो..." आणि ते एकदम उभे राहिले.

"व्हॅन," ते म्हणाले. "त्याची शाळेची व्हॅन आहे."

सकाळची शाळा होती. व्हॅन त्या वेळी पोरांना घेऊन येतच असणार. सर तसेच स्लीपरवर निघाले. ते पळतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते पळाले. मी त्यांच्या मागे, पप्पा माझ्या मागे. चौकात वळणावर पिवळी व्हॅन दिसली आणि सर दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. व्हॅन त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

ड्रायव्हर खाली उतरला. "सर! काय झालं? कुनी गेलं का?"

"पोरं उतरव."

"अहो सर, शाळा भरंल."

"उतरव म्हणतो ना! विमा खोटा आहे. मीच दिलाय तुला. पोरं खाली उतरव."

तो खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्याने दार सरकवलं. गणवेशातली पोरं दप्तरं सावरत एकेक करून खाली आली. त्यांना मजा वाटत होती. सरांनी सगळ्यात लहान दोघांचे हात धरले आणि त्यांना घेऊन शाळेपर्यंत चालत गेले. रस्त्यावरची माणसं विचारत होती, "सर, व्हॅन बंद पडली का?"

शाळेतून ते थेट पोलीस ठाण्यात गेले. बऱ्याच जणांनी अडवलं. पप्पासुद्धा म्हणाले, "सर, तुमीपन फसलाय. आधी वकिलाला इचारा." सर म्हणाले, "विकणाऱ्यात माझं नाव पहिलं लिहायला पाहिजे." त्यांनी तसंच लिहून दिलं. मग त्यांना दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा फाटकाशी गर्दी होती. टेम्पोवाल्या त्या डावखुऱ्या मुलाने त्यांची कॉलर धरली. सर हलले नाहीत. मी तिथेच होते. माझे पायही जागचे हलले नाहीत, कारण खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संताप आला होता.

नगरचं ते मोठं ऑफिस म्हणजे एका गल्लीतला भाड्याचा गाळा निघाला. तो कुलूपबंद होता. सरांचा तो विद्यार्थी पुढे परराज्यात सापडला असं ऐकलं. त्याची केस अजून चालू आहे.

आजोबांचं ऑपरेशन झालं. शेतरस्त्यावरून न बघता आल्याचं त्यांनी स्वतः जबाबात सांगितलं, तरी विमा नसल्यामुळे जबाबदारी गाडीचे मालक म्हणून पप्पांवरच आली. आम्ही गाडी विकली, आईने तिचं सोनं मोडलं आणि लोकअदालतीत तडजोड झाली. दुसऱ्या एजंटने सांगितलेला साधा, खरा थर्ड पार्टी घेतला असता, तर आजोबांच्या मुलाला दवाखान्याच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं नसतं. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

सर त्यांनी विमा दिलेल्या प्रत्येकाच्या घरी गेले. काहींनी पाणी दिलं, काहींनी दारच उघडलं नाही. पुण्याला शिकणाऱ्या मुलीला सांगायला ते एसटीने गेले, कारण फोनवर तिचा विश्वास बसत नव्हता.

मागच्या महिन्यात ते मला कर्जतच्या स्टँडवर भेटले. खूप वाळले आहेत. मी दिसताच त्यांनी विचारलं, "आजोबा चालतात का गं?"

"चालतात, सर. काठी लागते."

"दूध घालतात?"

"मुलगा घालतो आता."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांची गाडी लागली आणि माणसं दाराकडे धावली. वाकून नमस्कार करावा की करू नये, हे माझं ठरेपर्यंत ते गर्दीतून आत शिरलेसुद्धा होते.