पानमळ्यातला झेंडू
साठच्या दशकात लग्न होऊन केळव्याला आले, तेव्हा माहेरच्या चिंचणीहून झेंडूचं बी पदराला बांधून आणलं होतं. सासऱ्यांचा विड्याच्या पानांचा मळा होता आणि त्याचे नियम देवघरापेक्षा कडक. चपला बाहेर. पाळी आलेल्या बाईने तर कुंपणाकडेही फिरकायचं नाही, नाहीतर म्हणे वेल जळते.

परसात पेरलेल्या झेंडूची रोपं वीतभर झाल्यावर सासऱ्यांनी बांधाकडची उन्हातली ओळ दिली, वेलींच्या बुडाशी लाव म्हणाले. नेमकी त्याच सकाळी मला पाळी आली. सांगितलं असतं तर चार दिवस बाजूला बसावं लागलं असतं आणि उपटलेली रोपं सुकली असती. मी मूग गिळून गप्प राहिले. ओळ पुरी केली आणि संध्याकाळी, जणू आत्ताच आली, असं सांगून कोपऱ्यात बसले. फार शहाणी समजत होते स्वतःला!

भाद्रपदात वेली पिवळ्या पडायला लागल्या.

"कुनीतरी इटाळात शिरलंय," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"मी नाय गेले," मी धडधडीत खोटं बोलले. सगळं घर त्या पानांवर जगत होतं आणि ती मीच मारली, असं मला अगदी खरं वाटत होतं.

शेवटी सासऱ्यांनी पालघरहून शेतकी खात्याचे साहेब आणले. त्यांनी एक वेल उपटली. मुळांना गाठीच गाठी. "मातीत डोळ्यांना न दिसणारे कृमी आहेत, ते मुळं खातात," ते म्हणाले. मग बांधाकडे गेले. तिथल्या वेली हिरव्यागार, मुळं स्वच्छ.

"हा झेंडू कुणी लावला?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"छान केलंत. झेंडूच्या मुळांतून मातीत एक द्रव्य पाझरतं, ते या कृमींना सोसत नाही. सगळ्या मळ्यात लावा."

म्हणजे मी त्या दिवशी हात लावलेली ओळच तेवढी वाचली होती! मी मटकन खाली बसले आणि रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, कौतुकाने रडतेय.

"तुज्या हाताला गुन हाय गो," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी अख्ख्या मळ्यात झेंडू लावायचं काम माझ्याकडे आलं. निम्म्या ओळी झाल्या आणि पाळी आली. कुणाला काही न सांगता मी उरलेल्या ओळी लावून टाकल्या, अगदी बिनघोर.